आंधळ्या मुंग्यांची राणी

“…म्हणून म्हटलं, या जातीला तुमचंच नाव द्यावं. चालेल ना, भन्ते?”

भन्ते रेवत खाली बघत होते.

विहाराच्या ओसरीवर, दोघांच्या मध्ये, करंगळीएवढी काचेची कुपी उभी होती. कुपीत स्पिरिट होतं. स्पिरिटात, तळाशी, राणी पडली होती.

डॉ. मकरंद वैरागडे मांडी घालून बसला होता. नखांत ओली माती, पँट गुडघ्यांवर चिखलानं माखलेली. पण चेहरा मात्र पहिला नंबर काढून घरी आलेल्या पोरासारखा.

“हीच?” भन्तेंनी विचारलं.

“हीच, सर.”

‘भन्ते’ म्हणायचं तो विसरला. त्याचंही चुकलं नाही म्हणा. अंगावर चीवर येण्याआधी हेच भन्ते चंद्रपूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. वालदे सर. मुंग्यांचे वालदे सर. नोकरी संपली, पाठोपाठ बायको गेली, आणि सर एक दिवस डोक्यावरचे केस उतरवून ब्रह्मपुरीच्या पलीकडे, रानाला लागून असलेल्या या टेकडीवरच्या विहारात राहायला आले.

मकरंद त्यांचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. असं सर कधी म्हणाले नव्हते. मकरंद म्हणायचा.

“जवळून बघा ना,” तो म्हणाला. “उचला.”

भन्तेंनी कुपी उचलली नाही. तिथूनच वाकून पाहिलं.

तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. डोळे नाहीत, पंख नाहीत. अंड्यांनी ताणलेलं पोट, आणि त्या पोटापुढं अगदीच केविलवाणं दिसणारं डोकं.

“पोटुशी होती,” भन्ते म्हणाले.

“हो. आणि सर, तिच्याबरोबर काय होतं माहितीय? नर! पंख फुटायच्या बेतातले नर, त्याच घरट्यात. म्हणजे आता कुणाचं तोंड उघडायला नको. सिद्ध झालं.”

“काय सिद्ध झालं?”

मकरंद हसला. सर मुद्दाम विचारतायत, वर्गात विचारायचे तसं, असं त्याला वाटलं.

“तुमचंच म्हणणं सिद्ध झालं, सर.”

म्हणणं जुनं होतं.

लष्करी मुंग्या आपल्याकडेही आहेत, पण फार कुणाच्या नजरेत भरत नाहीत. तांबूस, बारीक, आंधळ्या. साखरेच्या डब्याला लागणाऱ्या मुंग्यांशी त्यांची गल्लत नको करायला. या दुसऱ्या मुंग्यांच्या वारुळांवर चालून जातात आणि त्यांची पिल्लं पळवून आणतात. स्वतःचं कायमचं घर नाही. काही दिवस चाल, काही दिवस मुक्काम. मुक्काम कुठं तर एखाद्या ओंडक्याखाली, मुळांच्या पोकळीत. तिथं एकमेकींचे पाय धरून लोंबतात आणि आपल्याच अंगांचं घर करतात. त्या घराच्या पोटात राणी.

आणि यांचा नर? त्याला पंख, त्याला टपोरे डोळे. गांधीलमाशीचा भाऊ शोभावा असा. पावसाळी संध्याकाळी दिव्यावर येऊन आपटतो. या दोघांत इतका फरक, की जुन्या अभ्यासकांनी मुंगीला एक नाव दिलं, नराला दुसरं, आणि दोघांना पुस्तकात वेगवेगळ्या पानांवर बसवलं. पुढं एकेका जातीची नाती जुळत गेली. पण आपल्या रानातल्या या जातीला अजून नावही नव्हतं, आणि तिचं कोडं तसंच राहिलं.

वालदे सर वर्गात म्हणायचे, “आपल्या दिव्यावर येतो तो, आणि आपल्या पायाखालून जाते ती, एका आईची लेकरं आहेत.”

नागपूरला एका परिषदेत त्यांनी हेच मांडलं. पुरावा म्हणून त्यांच्याकडं वर्षानुवर्षांची निरीक्षणं होती, पण राणी नव्हती. पहिल्या रांगेतले एक ज्येष्ठ प्राध्यापक उठले आणि म्हणाले, “वालदे, लेकरांचं राहू द्या. आईला घेऊन या.”

सभागृह हसलं.

सर कागद गोळा करून खाली उतरले. मागच्या रांगेत बसलेल्या मकरंदला त्या दिवशी जेवण गेलं नाही. ते हसू तो तेव्हापासून बाळगून होता.

“सर,” तो आता म्हणाला, “आई आणलीय.”



आवारात पिंपळाची पानं सळसळली. भाद्रपदातलं आभाळ, धड पाऊस नाही, धड ऊन नाही.

“कुठं होती?” त्यांनी विचारलं.

“तिथंच. तुम्ही दाखवलीत तिथं. तुटलेल्या मोहाच्या कुजक्या बुंध्याखाली.”

“मी तुला काय म्हणालो होतो फोनवर?”

“विहाराच्या मागं लष्करी मुंग्यांचा मुक्काम पडलाय म्हणालात.”

“आणि?”

मकरंदनं कुपीचं बूच उगाच दाबून बघितलं.

“बघायला ये, म्हणालात.”

“हं…”

काल संध्याकाळी तो पोचला तेव्हा भन्ते त्याला मागं घेऊन गेले होते. वर्षावास चालू होता. पावसाचे महिने भिक्खूनं एका जागी राहायचं असतं, त्यामुळं ते मुक्कामाला कुठं जात नव्हते, पण विहाराभोवती फिरत. मोहाच्या बुंध्याजवळ ते हातभर अंतर ठेवून उकिडवे बसले आणि मकरंदला शेजारी बसवलं. समोरून मुंग्यांची तांबडी दोरी सरकत होती. पलीकडं कुठल्याशा काळ्या मुंग्यांचं वारूळ लुटलं जात होतं. त्या काळ्या मुंग्या आपापलं पिल्लू तोंडात धरून गवताच्या पात्यांवर चढून बसल्या होत्या, पुराच्या पाण्यात माणसं झाडावर बसतात तशा. भन्ते एक शब्द बोलले नव्हते. आपल्याला ते किती आवडतंय, एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मकरंद त्या वेळी बुंध्याची खोली मापत होता. नजरेनं.

सकाळी भन्ते खाली गावात भोजनदानाला गेले. ते टेकडी उतरून दिसेनासे होईपर्यंत तो ओसरीवर बसून होता. मग उठला.

“कुदळ कुठली घेतलीस?” भन्तेंनी विचारलं.

“भागरताबाईंनी दिली.”

“त्यांनी दिली?”

“हो.”

“बरं.”

त्या ‘बरं’मध्ये काहीच नव्हतं. तरी मकरंदनं मान खाली घातली. लगेच वर केली.

“सर, एक सांगू? तुम्ही नाराज झालात. मला दिसतंय. पण हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला. तुमच्या खोलीत कपाटंच्या कपाटं भरली होती. टाचण्या टोचलेले कीटक, बाटल्यांतले कीटक. खोटं आहे?”

“खरं आहे.”

“मग?”

“खरं आहे, म्हणालो ना.”

“तेव्हा चाललं आणि आता पाप झालं का?”

“पाप हा शब्द तू काढलास.”

मकरंदला राग आला. हा राग त्याला बरा वाटला. त्याच्या आड बसता येत होतं.

“मी हे स्वतःसाठी केलेलं नाही! माझं काय अडलंय? नोकरी आहे, नाव आहे. हे तुमच्यासाठी केलं. ते सगळे तुम्हाला हसले होते, सर. भरल्या सभेत. मी होतो तिथं.”

“तू विसरला नाहीस ते?”

“कसा विसरेन?”

भन्तेंनी पहिल्यांदाच कुपीवरून नजर काढून त्याच्याकडं पाहिलं.

“मी विसरलो होतो,” ते म्हणाले.

 

“चल,” भन्ते म्हणाले आणि उठले. “बघून येऊ.”

“काय बघायचंय आता तिथं?”

“बघायलाच बोलावलं होतं तुला.”

कुपी ओसरीवर तशीच राहिली.

विहाराच्या मागची वाट ओली होती. भन्ते पुढं, मकरंद मागं. म्हातारा माणूस पाऊल टाकण्याआधी जमीन बघत होता. मकरंदही बघायला लागला. न बघून चालेना.

मोहाचा बुंधा उलथून पडला होता. मुळं आभाळाकडं. त्याच्या जागी खड्डा, आणि खड्ड्याभोवती ढेकळं, सकाळी त्यानं घाईघाईनं फेकलेली.

खड्डा हलत होता.

सकाळी मकरंदनं इकडं पाहिलंच नव्हतं. राणी हाती लागल्यावर कोण मागं बघतंय? आता त्यानं पाहिलं.

मुंग्या खड्ड्यातून निघत होत्या. तोंडात पांढरी पिल्लं धरून एक ओळ बाहेर यायची, चार हात पुढं जायची, थबकायची, पसरायची. मग वळायची. परत खड्ड्यात. पुन्हा दुसरीकडून बाहेर, पुन्हा थबकायची, पुन्हा मागं. काल पाहिलेली ती तांबडी दोरी, जिच्यात एक मुंगी इकडची तिकडं होत नव्हती, तिचे तुकडे तुकडे झाले होते, आणि प्रत्येक तुकडा हरवलेल्यासारखा फिरत होता.

काही मुंग्या खड्ड्याच्या तळाशी एकाच जागी दाटून बसल्या होत्या. ओल्या मातीचा तेवढाच भाग. बाकी कशाशी त्यांचं घेणंदेणं नव्हतं.

“तिथं काय आहे?” भन्तेंनी विचारलं.

मकरंदला माहीत होतं.

“तिथं ती बसलेली असणार. राणी. तिचा वास उरलाय.”

“हं. आणि आता या काय करतील?”

प्रश्न विचारण्याची रीत जुनीच होती. सर तोंडी परीक्षेला असंच विचारायचे, खिडकीबाहेर बघत. मकरंदनं नकळत हात मागं बांधले.

“शोधतील. जिथं जिथं ती बसली होती तिथं तिथं जातील.”

“मग?”

“नवी राणी… नाही, आता नाही करता येणार. पिल्लांमधून राणी वाढवायची वेळ वेगळी असते. ही नरांची पिल्लं होती.”

“मग?”

“दुसरं लष्कर वाटेत भेटलं, तर त्यात मिसळतील. घेतात त्यांना. कधी कधी.”

“नाही भेटलं तर?”

मकरंदनं मागं बांधलेले हात सोडले.

“परीक्षेत तू हे बरोबर लिहिलं होतंस,” भन्ते म्हणाले. “मला आठवतंय. पैकीच्या पैकी दिले होते मी.”

तेवढ्यात मागून चपला वाजल्या. भागरताबाई आल्या. साठीच्या उपासिका, गावातल्याच. विहाराची झाडलोट त्याच करत. मुंग्यांचा मुक्काम पडल्यापासून त्यांनी मागची बाजू झाडणं थांबवलं होतं, भन्तेजींनी तसं सांगितलं होतं म्हणून.

त्यांनी खड्डा पाहिला. पदर तोंडाला लावला.

“अगा बाई… एवढा मोठा खंदला का जी?”

या बाई इथं यायला नको होत्या.

“भन्तेजी,” त्या म्हणाल्या, “कुदळ मीनंच देली. सायबाइले इचारलं होतं म्या, भन्तेजीले पुसलं का म्हून. ते हाव म्हनले. तुमचं नाव घेतलं म्हून देली जी. नाही तं नसती देली.”

भन्ते थोडा वेळ खड्ड्याकडंच बघत राहिले.

मकरंद वाट पाहत होता. आता ते म्हणतील, मला कुणी विचारलं नाही. म्हणावंच. एकदा म्हणून टाकावं, म्हणजे सुटलो.

“यांना बोलावलं मीच होतं, बाई,” भन्ते म्हणाले. “तुमच्याकडं काही दोष नाही.”

भागरताबाईंचा चेहरा निवळला. “मंग ठीक हाय,” त्या म्हणाल्या. “मले वाटलं, आपल्या हातून काही इपरीत घडलं का काय.”

त्या जायला वळल्या.

मकरंदला वाटलं, कुणीतरी आपलं ओझं उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलंय आणि तो दुसरा म्हातारा आहे, आणि आपण हात खिशात घालून बघतोय.

“मावशी,” तो म्हणाला.

त्या थांबल्या.

“मी विचारलं नव्हतं. भन्तेजींना. तुम्हाला खोटंच सांगितलं.”

भागरताबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या गोंधळल्या होत्या. एवढा शिकलेला माणूस, भन्तेजींचा विद्यार्थी, काल रात्री त्यांनी स्वतः भाकरी वाढली होती त्याला.

“काहून जी?” त्यांनी विचारलं.

मकरंदनं उत्तर शोधलं. परिषद, पहिली रांग, हसणारं सभागृह, सरांचं नाव. सगळं जागच्या जागी होतं. पण त्यातलं एकही या बाईंसमोर तोंडातून काढण्याजोगं नव्हतं. नाही म्हणतील म्हणून विचारलं नाही. खरं एवढंच होतं. आणि नाही म्हणतील हे ठाऊक होतं, म्हणजे सगळंच ठाऊक होतं.

“माहीत नाही, मावशी,” तो म्हणाला. हेही खोटं होतं, आणि ते तिघांनाही कळलं.

कुदळ खड्ड्याच्या काठाला पडली होती, ती भागरताबाईंनी उचलली, पदरानं तिचा दांडा पुसला आणि त्या निघून गेल्या.

…

“सर, मी हे छापत नाही,” मकरंद म्हणाला. “विषय संपला.”

“छाप.”

“नाही. नकोच.”

“न छापून ती परत येणार आहे का?”

मकरंदनं नखांतली माती खरवडली.

“मेलीय ती. निदान कुणाच्या तरी कामाला येऊ दे. पुढचं पोरगं तरी दुसरी राणी शोधत खणत बसणार नाही… कदाचित.” भन्ते किंचित हसल्यासारखे झाले, मग ते हसू विझलं. “छाप. पण एक कर.”

“काय?”

“‘सापडली’ असं लिहू नकोस.”

“मग काय लिहू?”

“तू खणलंस. तसंच लिही.”

मकरंदनं तोंड फिरवलं. नाकपुड्या जळजळल्या. इतक्या वर्षांनी सरांसमोर रडायचं, तेही मुंग्यांसाठी. मुंग्यांसाठीच का, हेही त्याला नीट कळेना.

“आणि नाव?” त्यानं पाठमोऱ्यानंच विचारलं. “तुमचं नाव?”

“या खड्ड्याला माझं नाव देणार आहेस का?”



एक पांढरं पिल्लू काठावरच्या ढेकळावर एकटंच पडलं होतं. घेऊन जाणारी मुंगी त्याला टाकून कुठं गेली कोण जाणे. मकरंद गुडघ्यांवर बसला. निदान एवढं तरी खड्ड्यात परत सोडावं म्हणून तो पुढं वाकला आणि तोल सावरायला त्यानं उजवा हात जमिनीवर टेकला.

मुंग्या हातावर चढल्या.

त्यानं दात आवळले. या मुंग्यांचा डंख त्याला ठाऊक होता. सकाळी मनगटापर्यंत फोड उठले होते.

डंख झाला नाही.

एक मुंगी अंगठ्याच्या मुळापाशी आली आणि थांबली. मिशा फिरवल्या. पुन्हा फिरवल्या. मग तिथंच बसली.

दुसरी आली. ती तिच्याजवळ थांबली. मग एकदम चार-सहा. मग ओळच.

मकरंद बघत राहिला. आधी त्याच्या ध्यानात आलं नाही. मग आलं.

सकाळी राणी दिसली तेव्हा कुपी पिशवीत राहिली होती, आणि पिशवी पार ओसरीवर. राणी निसटेल म्हणून त्यानं तिला तळहातावर घेतलं होतं, वर दुसऱ्या हाताचं झाकण केलं होतं, आणि तसाच तो धावत आला होता. या तळहातावर. ओसरीवर पोचल्यावर त्यानं तिला कुपीत टाकलं होतं आणि बूच लावलं होतं. हात धुवायचं त्याला सुचलं नव्हतं. भन्ते कधी येतात असं झालं होतं.

खड्ड्यात इकडं तिकडं फिरणारे सगळे तुकडे वळले. आंधळ्यांना कोण कसं सांगतं, कोण जाणे. पण ओळीला ओळ जुळत गेली. तांबडी दोरी पुन्हा एकसंध झाली, आणि ती सरळ त्याच्या हाताकडं येऊ लागली.

त्या बोटांच्या बेचक्यांत शिरल्या. एकमेकींचे पाय धरले. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत साखळ्या लोंबल्या, साखळ्यांवर साखळ्या. तोंडात पिल्लं असलेल्या मुंग्या मधून आत गेल्या आणि पिल्लं आतल्या अंगाला, तळहाताच्या खोलगट भागात ठेवून बाहेर आल्या. फिरणं थांबलं. घाई थांबली. हातावर त्यांचं घर उभं राहत होतं.

“सर…”

“हं.”

“चावत नाहीयेत.”

“नाही.”

“सर, यांना वाटतंय की मी…”



सकाळपासून जे काही तो बोलला होता ते त्याला आठवलं, एकेक शब्द. आई आणलीय. सिद्ध झालं. तुमच्यासाठी केलं. कानाच्या पाळ्या तापल्या. हात झटकला असता तर पळभरात मोकळा झाला असता. सकाळी त्यानं तेच केलं होतं, दोन्ही हातांनी, जोरजोरात. आता त्याला बोट हलवायची छाती होईना. श्वाससुद्धा तो बेतानं घेत होता. कुणी आपल्यावर असा भरवसा टाकावा, आणि आपण कोण आहोत हे आपल्याला ठाऊक असावं… त्याला वाटलं, चावल्या असत्या तर बरं. फोडून काढलं असतं हाताला, तर बरं.

डोळ्यांतलं पाणी हनुवटीवर आलं. ते त्यांच्यावर पडू नये म्हणून त्यानं मान बाजूला केली.

ढग सरले. लख्ख ऊन पडलं, पावसाळ्यात मधूनच पडतं तसं, चटका लावणारं. खड्ड्यातली ओली माती चकाकली. हातावरचा तांबडा गोळा अस्वस्थ होऊन थरथरला.

“सर, मी काय करू?” मकरंद म्हणाला. “सांगा ना. मी काय करू आता?”

भन्ते त्याच्या शेजारी उकिडवे बसले. त्याच्या तोंडाकडं त्यांनी पाहिलं नाही. हाताकडं पाहिलं.

“ऊन लागतंय त्यांना,” ते म्हणाले. “हात सावलीत घे.”